अखंड हजेरी

इंग्लिश फुटबॉलच्या विक्रमांची जी जाडजूड वार्षिके दरसाल प्रसिद्ध होतात, त्यांतील गोलांची, चषकांची आणि लक्षावधी पौंडांच्या व्यवहारांची पाने उलटीत गेले म्हणजे एका कोपऱ्यात ४०१ हा आकडा आढळतो, आणि त्याच्यासमोर हॅरॉल्ड बेल हे नाव. लीगचे ४०१ सामने एकही न चुकवता लागोपाठ खेळण्याचा हा विक्रम ज्याने केला, तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात कधी निवडला गेला नाही आणि वेम्बलीच्या हिरवळीवर चषक उंचावण्याचा प्रसंगही त्याच्यावर आला नाही. लीगमधील त्याची सगळी कारकीर्द बर्केनहेड या जहाजबांधणीच्या गावातील ट्रॅनमियर रोव्हर्स या एकाच क्लबात, आणि तीही लीगच्या खालच्या पायऱ्यांवर गेली. महायुद्ध संपून १९४६ साली लीगचे सामने पुन्हा सुरू झाले तेव्हापासून १९५५ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे नऊ हंगाम पुरते आणि दहाव्याचे प्रारंभीचे दिवस, संघाच्या यादीतून त्याचे नाव एकदाही गळले नाही. चषक आणि इतर स्पर्धांचे सामने हिशेबात धरले तर ही मालिका ४५९ वर जाते.

त्या काळातील इंग्लिश फुटबॉल म्हटला की आपल्याकडच्या जाणत्या वाचकाला स्टॅन्ली मॅथ्यूज आठवतो, टॉम फिनी आठवतो, म्यूनिकच्या विमान-अपघातात बळी पडलेले मँचेस्टर युनायटेडचे कोवळे खेळाडू आठवतात. आणि ते साहजिकच आहे, कारण कीर्ती ही शिखरांचीच गणती करते. परंतु १९५० नंतर लीगमध्ये जे ९२ क्लब होते त्यांपैकी ४८ क्लब तिसऱ्या श्रेणीतले होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दृष्टी थोडी बदलावी लागते. फुटबॉल खेळून पोट भरणारा त्या वेळचा सर्वसामान्य इंग्रज हा मॅथ्यूज नव्हता; तो बेल होता. त्या धंद्याचे खरे स्वरूप, त्यातले कष्ट, त्यातला आनंद आणि त्यातला अन्याय समजून घ्यावयाचा असेल तर अशाच एखाद्या अप्रसिद्ध माणसाच्या सेवापुस्तकाकडे वळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

लीगची रचना त्या वेळी अशी होती: वर पहिली आणि दुसरी श्रेणी, आणि त्यांच्याखाली तिसरी, जी उत्तर आणि दक्षिण अशा दोन विभागांत वाटलेली होती, कारण गरीब क्लबांना रेल्वेच्या भाड्याचा बोजा सोसवत नसे आणि ब्रायटनच्या संघाने कार्लाइलपर्यंत जाऊन यावे हा खर्च त्यांच्या तिजोरीला झेपण्यासारखा नव्हता. उत्तर विभागातील गावांची नावे घेतली तर औद्योगिक इंग्लंडचा नकाशाच समोर उभा राहतो: रॉचडेल, ओल्डहॅम, हॅलिफॅक्स, डार्लिंग्टन, बॅरो, गेट्सहेड, स्टॉकपोर्ट, अॅक्रिंग्टन. कोठे सुताच्या गिरण्या, कोठे लोकरीच्या, कोठे कोळसा, कोठे पोलाद. शनिवारी दुपारी अर्ध्या सुट्टीचा भोंगा वाजला की या गावांतील पुरुषमंडळी टोप्या घालून मैदानाकडे लोटत. आणि युद्धानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत, जेव्हा अन्नावर, कपड्यांवर, कोळशावर शिधापत्रिकेचा अंमल होता आणि पैसे असले तरी खर्च करायला बाजारात माल नव्हता, तेव्हा ही गर्दी इतकी वाढली की १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना एकंदर ४ कोटी १२ लाखांहून अधिक प्रेक्षकांची हजेरी लागली. हा उच्चांक त्यानंतर कधीही मोडला गेला नाही.

युद्धाने खेळाडूंच्या एका संपूर्ण पिढीचे ऐन तारुण्य गिळले होते. १९३९ च्या सप्टेंबरात हंगाम अवघ्या तीन सामन्यांनंतर तहकूब झाला, खेळाडूंचे करार रद्द करण्यात आले, आणि जे तेव्हा विशीत होते ते परत आले तेव्हा तिशीला टेकले होते. ३१ ऑगस्ट १९४६ रोजी लीग पुन्हा सुरू झाली ती १९३९-४० साठी छापलेल्या जुन्याच वेळापत्रकानुसार, जणू मधली सात वर्षे एका लांबलेल्या मध्यंतराची होती. बेल तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि त्या दृष्टीने भाग्यवान म्हटला पाहिजे. त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या किती जणांना तर सुरुवात करण्यापूर्वीच शेवट गाठावा लागला.

आता त्या ४०१ चा हिशेब मांडून पाहिला पाहिजे, कारण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. पहिल्या चार हंगामांत उत्तर विभागात २२ क्लब होते, म्हणजे प्रत्येकी ४२ सामने. त्यांचे १६८ होतात. १९५० साली लीगने चार नवे क्लब दाखल करून घेतल्यावर विभाग २४ क्लबांचा झाला आणि सामने ४६ वर गेले. पुढच्या पाच हंगामांचे २३०. बेरीज ३९८. त्यानंतर १९५५-५६ च्या हंगामाचे पहिले तीन सामने, आणि चौथ्याला बेलचे नाव यादीत नव्हते. नऊ संपूर्ण हंगामांत एकही दिवस गैरहजर न राहिलेल्या माणसाची मालिका ज्या ठिकाणी तुटली ते ठिकाण असे साधे होते. ऑगस्ट संपत आलेला, मैदाने अजून कोरडी, हंगाम नुकता उघडलेला.

या हजेरीची थोरवी कळण्यासाठी त्या काळचा सामना म्हणजे काय होते ते समजून घ्यावे लागते. आज एखादा खेळाडू लंगडू लागला तर त्याच्या जागी ताज्या दमाचा दुसरा उतरवला जातो. लीगमध्ये ही मुभा १९६५ च्या ऑगस्टात, आणि तीही प्रथम केवळ जखमी खेळाडूच्या जागी एकच माणूस उतरवण्यापुरती मिळाली. तत्पूर्वी जे अकरा उतरत तेच नव्वद मिनिटे उभे राहत. एखाद्याचा गुडघा दुखावला तर त्याला मैदानाच्या कडेला, विंगवर नेऊन ठेवीत, जेणेकरून निदान प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस तरी त्याच्याजवळ अडकून राहावा. उपचार म्हणजे ट्रेनरच्या हातातली थंड पाण्याची बादली आणि स्पंज. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मैदानाचा मधला भाग म्हणजे नुसता चिखल असे, आणि चामड्याचा, दोरीने आवळलेला चेंडू त्या चिखलात पाणी पिऊन जड होत जाई. बूट घोट्यापर्यंत चढणारे, टणक चवड्याचे. सरावाची कल्पनाही अशी होती की आठवडाभर खेळाडूंनी मैदानाभोवती फेऱ्या माराव्यात आणि चेंडू त्यांना फारसा दाखवू नये, म्हणजे शनिवारी त्याची भूक लागते. या समजुतीवर अनेक ट्रेनरांची गाढ श्रद्धा होती, आणि इंग्लिश खेळाडूंच्या पदन्यासाचे तिने जे नुकसान केले ते १९५३ साली हंगेरीने वेम्बलीवर सहा गोल चढवले तेव्हा सर्व देशाने पाहिले.

वेळापत्रक तर निर्दय होते. नाताळच्या दिवशी सामना, दुसऱ्या दिवशी बॉक्सिंग डेला त्याच प्रतिस्पर्ध्याशी त्याच्या गावी परतीचा सामना, अशी त्या काळची रीत होती. गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या दिवसांत तर चार दिवसांत तीन सामनेही पडत. १९४७ च्या हिवाळ्याने, जो त्या शतकातील सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक होता, आठवडेच्या आठवडे मैदाने बर्फाखाली गाडली. कारखान्यांतील गैरहजेरी वाढू नये म्हणून सरकारने आठवड्याच्या मधल्या दिवसांत सामने खेळण्यास मनाई केली होती, आणि परिणामी तो हंगाम जूनच्या मध्यापर्यंत लांबला. या सर्वांतून एक माणूस नऊ वर्षे आपली जागा सोडीत नाही. त्याला कधी ताप आला नसेल, कधी घोटा सुजला नसेल, असे मानणे वेडेपणाचे होईल. तो तसाच उभा राहिला असणार.

शिवाय त्याची जागा सेंटर हाफची. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलल्यापासून इंग्लंडमध्ये सेंटर हाफ हा खेळ रचणारा मध्यवर्ती खेळाडू न राहता दोन बॅकांच्या मधोमध उभा ठाकणारा तिसरा रक्षक बनला होता, आणि त्याचे मुख्य कर्तव्य एकच: प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर फॉरवर्डला अडवणे आणि वरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवून लावणे. तो जड, ओला चेंडू शेकडो सामने आणि हजारो सराव-फेऱ्यांत कपाळावर झेलणे याचा परिणाम काय होतो हा विचार त्या काळी कोणाच्या मनाला शिवला नाही. वेस्ट ब्रॉमिचचा सेंटर फॉरवर्ड जेफ अॅसल २००२ साली एकोणसाठाव्या वर्षी वारला तेव्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचा मृत्यू धंद्यातून उद्भवलेल्या आजाराने झाल्याचा निर्णय दिला. आणि २०१९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची मृत्यु-नोंद तपासली तेव्हा मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मरण येण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट आढळले. खाणीत काम करणाऱ्याची फुप्फुसे आणि गिरणीत काम करणाऱ्याचे कान जसे धंद्याची किंमत चुकती करतात, तशी ही किंमत आहे, आणि ती बहुतांशी अशा माणसांनी चुकवली की ज्यांना त्या धंद्याने फारसे काही दिलेच नव्हते.

किती दिले, ते आता पाहू. व्यावसायिक खेळाडूच्या साप्ताहिक वेतनावर लीगने फार पूर्वीपासून कमाल मर्यादा मुक्रर केली होती. १९४७ साली ती हंगामात १२ पौंड आणि उन्हाळ्यात १० पौंड होती. १९५१ साली हंगामात १४ झाली, १९५३ साली १५, १९५७ साली १७, आणि १९५८ साली २० पौंड. सामना जिंकला तर दोन पौंड आणि बरोबरीत सुटला तर एक पौंड बक्षीस, हा जादा मेहनताना. तेव्हा १९५१ च्या सुमारास कारखान्यातील प्रौढ पुरुष कामगाराची आठवड्याची सरासरी मिळकत आठ पौंडांच्या आसपास होती हे लक्षात घेतले तर हे वेतन अगदीच हलके नव्हते, असे कोणी म्हणेल; आणि ते खरेही आहे. परंतु कमाल म्हणजे सर्वांना मिळणारे वेतन नव्हे. मॅथ्यूजसारख्यावर ती मर्यादा छताप्रमाणे दडपलेली होती. तिसऱ्या श्रेणीतील कितीकांचे हात त्या छतापर्यंत कधी पोचलेच नाहीत. उन्हाळ्याच्या कमी वेतनाची तोंडमिळवणी करण्यासाठी पुष्कळ जण तीन महिने सुतारकाम, रंगकाम, मजुरी, जे मिळेल ते करीत. आणि कामगाराचा धंदा चाळीस-पंचेचाळीस वर्षे चालतो, फुटबॉलपटूचा पंधरा वर्षेही चालला तरी नशीब.

वेतनापेक्षाही जाचक होता तो नोंदणीचा कायदा. खेळाडूचा करार एका वर्षाचा असे. दर वसंतात क्लबाचे संचालक मंडळ बसे आणि एक यादी करी: अमुक खेळाडू राखून ठेवावयाचे, अमुक हस्तांतरासाठी काढावयाचे, अमुक मोकळे सोडावयाचे. ज्याचे नाव राखून ठेवलेल्यांत असे त्याने देऊ केलेल्या अटींवर सही केली तर उत्तम. न केली तर क्लबाने त्याला पगार देण्याची गरज नव्हती, आणि तरीसुद्धा त्याची नोंदणी क्लबाच्या दप्तरीच राही, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही लीग क्लबाकडून त्याला खेळता येत नसे. करार संपला, पण माणूस सुटला नाही. या व्यवस्थेचा अर्थ पुन्हा पुन्हा मनात घोळवूनही मला तिचे समर्थन सापडत नाही. ज्या देशाने जगाला करारस्वातंत्र्याचे धडे दिले त्याच देशात हजारो प्रौढ माणसांना आपले श्रम दुसऱ्याला विकण्याची बंदी होती आणि न्यायालयात जाऊन तिला यशस्वीपणे आव्हान देणारा माणूस निघायला विसाव्या शतकाचे साठावे वर्ष उजाडावे लागले. क्लबाने खेळाडू दुसऱ्याला विकला तर किंमत क्लबाच्या खजिन्यात जमा होई. खेळाडूच्या हातावर सही करण्यापोटी १० पौंड पडत. १९५२ साली इटलीतील पालेर्मोने फिनीला नुसत्या सहीसाठी दहा हजार पौंड देऊ केले, तेव्हा प्रेस्टनच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला आणि प्रकरण तेथेच मिटले. जिथे फिनीची ही कथा, तिथे बर्केनहेडच्या सेंटर हाफने काय मागावे?

त्यात घराचा प्रश्न. अनेक क्लबांची स्वतःची लहान लहान घरे असत आणि विवाहित खेळाडू त्यांत भाड्याने राहत. युद्धातील बाँबवर्षावाने मर्सी नदीच्या दोन्ही तीरांवर घरांचा दुष्काळ पडला होता, तेव्हा हे घर म्हणजे मोठाच आधार. पण ज्या दिवशी मोकळे सोडलेल्यांच्या यादीत नाव छापले जाई, त्या दिवशी नोकरीबरोबर छप्परही जाई. पाच वर्षांच्या सेवेनंतर बेनिफिटची रक्कम देण्याची प्रथा होती, परंतु ती देणे न देणे क्लबाच्या मर्जीवर होते.

मग एकाच क्लबात चौदा-पंधरा वर्षे राहिलेल्या माणसाच्या निष्ठेचे काय? जुन्या काळचे खेळाडू निष्ठावान होते आणि आजचे पैशामागे धावतात, असा एक सुस्कारा इंग्लंडमध्ये हमखास ऐकू येतो. मला तो न्याय्य वाटत नाही. दार बाहेरून बंद असताना आत राहिलेल्या माणसाला तो राहिला म्हणून श्रेय देता येत नाही, आणि दोषही देता येत नाही. त्या परिस्थितीत निष्ठा मोजण्याचे मापच नाहीसे झालेले असते. पण राहणे एक आणि उभे राहणे दुसरे. क्लब सोडण्याचा अधिकार बेलला नव्हता. आजारी पडण्याचा, दुखापत सांगून एक शनिवार चुकवण्याचा, हिवाळ्यातल्या एखाद्या निरर्थक सामन्यात अंग चोरण्याचा मार्ग मात्र प्रत्येकाला उघडा होता. तो मार्ग त्याने नऊ वर्षे धरला नाही. ४०१ या आकड्यात जे स्वेच्छेने दिलेले आहे ते एवढेच, आणि मला ते पुष्कळ वाटते.

त्याचा क्लबही कसा, तर सदैव दुसऱ्याच्या सावलीत. बर्केनहेडहून मर्सीच्या पलीकडे लिव्हरपूल. फेरीबोटीने, नाहीतर नदीखालच्या रेल्वेच्या बोगद्याने थोड्या मिनिटांत एव्हर्टन किंवा लिव्हरपूल या बलाढ्य क्लबांचे मैदान गाठता येई. गावातील कॅमेल लेअर्डच्या गोदीत युद्धनौका बांधल्या जात आणि गावातील गुणी मुले नदीपार विकली जात. एका हंगामात साठ गोल करणारा डिक्सी डीन हा बर्केनहेडचाच, ट्रॅनमियरमध्येच पहिली पावले टाकून एव्हर्टनला गेलेला. युद्धापूर्वी एकदा क्लबाला दुसऱ्या श्रेणीत बढती मिळाली होती, पण एका वर्षातच तो पुन्हा खाली आला. बेलच्या संपूर्ण अखंड मालिकेत ट्रॅनमियर तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर विभागातून कधीच बाहेर पडला नाही. वर जाण्याची वाटही किती अरुंद: विभागात पहिला येणारा एकच क्लब वर जाई, दुसऱ्यालाही दार बंद. उलट तळाला दोन क्लब राहत त्यांना लीगच्या वार्षिक सभेपुढे पुनर्निवडीसाठी अर्ज करावा लागे, आणि त्या सभेत तिसऱ्या श्रेणीच्या सर्व क्लबांना मिळून अवघी चार मते होती. १९५१ साली ट्रॅनमियरचा शेजारी न्यू ब्रायटन याच रीतीने लीगबाहेर फेकला गेला. १९६० साली गेट्सहेडवर तीच पाळी आली.

अशा जगात उत्कटतेचे क्षण कसे निर्माण होत याचे १९५८ चा वसंत हे उत्तम उदाहरण आहे. लीगने उत्तर-दक्षिण ही वाटणी मोडून तिसरी आणि चौथी अशा दोन राष्ट्रीय श्रेणी करण्याचे ठरवले. दोन्ही विभागांतील वरचे बारा-बारा क्लब नव्या तिसऱ्या श्रेणीत जावयाचे आणि उरलेले चौथ्यात. म्हणजे विजेतेपदाची आशा नसलेल्या, अधोगतीची भीती नसलेल्या मधल्या क्लबांच्या पुढे अचानक जीवनमरणाचा प्रश्न उभा राहिला. हंगामाच्या शेवटी ट्रॅनमियरची गाठ वेल्सच्या सीमेवरील जवळच्या रेक्सहॅमशी पडली, आणि प्रेंटन पार्कवर १९,६१५ लोक जमले. लीगच्या सामन्यासाठी त्या मैदानावर तेवढे लोक कधी जमले नाहीत. ट्रॅनमियरने सामना २-१ ने जिंकून अकरावा क्रमांक मिळवला. अकरावा! पहिल्या श्रेणीतील कोणाला अकराव्या क्रमांकासाठी वीस हजार माणसे घसा कोरडा करतील हे खरे वाटले नसते.

कधी कधी या खालच्या जगातून एखादा संघ वर झेप घेई. १९५५ साली तिसऱ्या श्रेणीतील यॉर्क सिटी एफ. ए. चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. वाटेत त्याने मॅथ्यूजच्या ब्लॅकपूलला त्यांच्याच मैदानावर आणि टॉटनहॅमलाही हरवले, आणि न्यूकॅसलला पहिल्या गाठीत बरोबरीत रोखले. फेरसामन्यात यॉर्क हरला आणि न्यूकॅसल चषक घेऊन गेला. त्या हंगामापूर्वी यॉर्कच्या त्या अकरांना यॉर्कबाहेर कोण ओळखत होते? पुढल्या हंगामात ते पुन्हा डार्लिंग्टन आणि हार्टलपूलच्या चिखलात होते.

बेलच्या शेजारी मी आर्थर रॉली या माणसाला बसवीन. इंग्लिश लीगमध्ये आजवर सर्वाधिक गोल कोणी केले असे विचारले तर दहापैकी नऊ जण भलतीच नावे सांगतील. उत्तर रॉली हे आहे, ६१९ सामन्यांत ४३४ गोल. वेस्ट ब्रॉमिच, फुलहॅम, लेस्टर आणि शेवटी श्रूजबरी अशी त्याची वाटचाल. यांतले बहुतेक गोल दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत झाले, आणि म्हणूनच इंग्लंडच्या मुख्य संघाची टोपी त्याला कधी मिळाली नाही. अंगाने भरलेला, धावण्यात मंद, पण डाव्या पायाचा फटका तोफगोळ्यासारखा; लोक त्याला ‘गनर’ म्हणत. १९५६-५७ मध्ये त्याने लेस्टरसाठी ४४ गोल केले. १९५८ साली श्रूजबरीने त्याला खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी हुद्द्यावर घेतले, आणि बत्तिसाव्या वर्षी, जेव्हा इतर जण बूट खुंटीला टांगतात, त्याने नव्या चौथ्या श्रेणीच्या पहिल्याच हंगामात ३८ गोल करून क्लबाला वर नेले. श्रूजबरीचे मैदान सेव्हर्न नदीच्या अगदी काठी. चेंडू नदीत गेला की वेताच्या टोपलीसारखी एक छोटी होडी घेऊन क्लबाचा माणूस तो काढून आणी. अशा मैदानावर १९६१ साली रॉलीच्या संघाने लीग चषकात पहिल्या श्रेणीच्या एव्हर्टनला हरवले, आणि त्याच वसंतात रॉलीने डिक्सी डीनचा ३७९ लीग गोलांचा विक्रम मागे टाकला. व्यवस्थापक म्हणून संघ निवडायचा, संचालकांना हिशेब द्यायचा, आणि शनिवारी स्वतः सर्वांत पुढे उभे राहून गोल करायचे; लहान क्लबांत काटकसरीपोटी निघालेली ही पद्धत या एका माणसाच्या हाती वैभवाला पोचली.

याच सुमारास खेळाडूंच्या संघटनेचा लढा ऐरणीवर आला. तिचा अध्यक्ष जिमी हिल हा स्वतः ब्रेंटफर्डमधून वर आलेला. तिचा चिटणीस क्लिफ लॉइड. कमाल वेतन आणि राखून ठेवण्याची व्यवस्था या दोन्ही रद्द करा, नाहीतर संप, अशी त्यांची मागणी होती. मँचेस्टरच्या सभेतील एक प्रसंग फार बोलका आहे. बरी या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबातील एक तरुण खेळाडू उठून म्हणाला की आपले वडील खाणीत उतरतात आणि आपल्याहून कमी मिळवतात, तेव्हा आपल्याला मिळते ते पुरेसे आहे. यावर बोल्टनचा टॉमी बँक्स उभा राहिला आणि त्याने उत्तर दिले की तुझ्या वडिलांचे काम कठीण आहे हे मला ठाऊक आहे, पण ते पाहायला हजारो माणसे पैसे देऊन येत नाहीत, आणि शनिवारी मॅथ्यूजला अडवायलाही त्यांना कोणी उतरवत नाही. सभेत हशा उसळला आणि वारे फिरले. बँक्सचा युक्तिवाद बिनतोड होता. तरीही त्या बरीच्या पोराबद्दल मला फार आत्मीयता वाटते. तो भित्रा नव्हता. बापाच्या अंगावरची कोळशाची पूड रोज पाहणाऱ्या मुलाला स्वतःच्या उघड्या हवेतल्या कामाबद्दल जी शरम वाटावी ती त्याला वाटत होती, आणि संचालकांची सत्ता इतकी वर्षे टिकली ती खेळाडूंच्या मनातील याच प्रामाणिक भावनेच्या आधारावर.

१९६१ च्या जानेवारीत लीग नमली आणि कमाल वेतन गेले. लवकरच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिल्याची वार्ता सर्वतोमुखी झाली. नोंदणीचा प्रश्न मात्र न्यायालयात गेला. न्यूकॅसलने जॉर्ज ईस्टहॅमला सोडण्यास नकार दिला होता तेव्हा त्याने खेळ थांबवून सरे परगण्यात एका परिचिताच्या धंद्यात बूच विकण्याची नोकरी धरली. पुढे आर्सेनलला त्याचे हस्तांतर झाले तरी त्याने दावा सोडला नाही, आणि १९६३ च्या जुलैत न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी राखून ठेवण्याची पद्धत धंद्यावरील गैरवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. या निकालाचा लाभ पुढच्या पिढ्यांना झाला, तोही हळूहळू. करार संपल्यावर खेळाडू खरोखर आपल्या मनाचा धनी झाला तो १९७८ साली.

तळच्या श्रेणीला या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही लगेच दिसली. वरच्या क्लबांतील पगार वाढले, प्रेक्षक दूरचित्रवाणी आणि मोटारगाड्यांमागे जाऊ लागले, आणि लहान क्लबांनी खेळाडूंची संख्या कापायला सुरुवात केली. १९६२ च्या मार्चमध्ये अॅक्रिंग्टन स्टॅन्लीने कर्जाच्या ओझ्याखाली हंगाम अर्धवट सोडून लीगचा राजीनामा दिला. वेतनाची मर्यादा उठली म्हणून हे क्लब बुडाले, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. मला वाटते की जो क्लब आपल्या माणसांना बांधून ठेवल्याशिवाय जगू शकत नव्हता त्याच्या आजाराचे मूळ अन्यत्रच शोधले पाहिजे.

हॅरॉल्ड बेल तोवर लीगमधून गेला होता. १९५५ साली मालिका तुटल्यावरही तो ट्रॅनमियरमध्येच खेळत राहिला आणि लीगमधील आपले सामने त्याने ५९५ पर्यंत नेले. मालिकेनंतरचे १९४ सामने हीच पुष्कळांची संपूर्ण कारकीर्द ठरली असती. १०० पौंडांचा पगार त्याच्या वाट्याला आला नाही, ईस्टहॅमच्या निकालाचा त्याला उपयोग झाला नाही, आणि १९९४ साली तो वारला तेव्हा त्याचा विक्रम उभाच होता. आज तो मोडणे अधिकच दुर्घट झाले आहे, कारण आता व्यवस्थापक खेळाडूंना मुद्दाम आळीपाळीने विश्रांती देतात, पिवळी-लाल कार्डे साठली की सक्तीने बसवतात, आणि डोक्याला मार बसला असा नुसता संशय आला तरी वैद्य त्याला मैदानाबाहेर काढतात. ही शेवटची खबरदारी बेलच्या पिढीला मिळाली असती तर कदाचित ४०१ हा आकडा घडलाच नसता, आणि त्याबद्दल कोणीही खेद केला नसता.